अँसेल्म जेवायला बसला

१

सव्वीस वर्षं मी त्या हॉटेलच्या जेवणघरात काम केलं. आधी टेबलं पुसायला, मग वाढायला, शेवटची नऊ वर्षं दारापाशी, पाहुण्यांना जागा दाखवायला. पाहुण्यांच्या मनगटाला निळी पट्टी असते. ती असली की हवं तितकं खावं, हवं तितकं प्यावं, कुणी काही विचारत नाही. बहुतेक जोडपीच येतात. थंड देशांतून येतात, आठवडाभर एकमेकांसमोर बसून खातात आणि लाल होऊन परत जातात.

पंचवीस वर्षं भरलेल्या माणसाला हॉटेल तीन दिवस पाहुणा म्हणून ठेवून घेतं, जोडीने. माझं पत्र आलं तेव्हा माझा नवरा अँसेल्म धडधाकट होता. नाताळ होऊ दे, मग जाऊ, असं करता करता वर्ष गेलं. मग त्याच्या पोटात गाठ निघाली. बेटाच्या राजधानीत, कास्त्रीला, मोठ्या इस्पितळात पोट उघडलं आणि तसंच शिवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी न्या. आवडेल ते खायला द्या."

आवडेल ते! त्याच्या पोटात चमचाभर पाणी टिकत नव्हतं.

मी ते पत्र परत देणार होते. तोच म्हणाला, "क्लो, जाऊ या."

"आणि तिथे करणार काय? लोक खातात ते बघत बसणार?"

"बसणार. नुसता बसणार. तो ओटा माझ्या हातचा आहे, दुदू." लाडात आला की तो मला दुदू म्हणायचा. "एकदा तरी त्यावर खुर्ची टाकून बसू दे मला."

खरंच होतं ते. अँसेल्म गवंडी. हॉटेल उभं राहत होतं त्या वर्षी समुद्राकडचा सगळा दगडी ओटा त्याने आणि आणखी चौघांनी घातला. मी तेव्हा मजुरांना पाणी द्यायला होते. काम पुरं झालं, फाटक लागलं, आणि त्यानंतर त्याचा पाय कधी त्या दगडांवर पडला नाही. संध्याकाळी मला न्यायला यायचा तोही मागच्या रस्त्याला, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा राहायचा.

तेव्हा आम्ही गेलो.

२

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. गॅलरीतून खाली ओटा दिसायचा, पलीकडे समुद्र. आमच्या श्वाझेल गावाहून दीड तासाचा रस्ता, सगळा वळणावळणाचा. अँसेल्म आल्या आल्या बुटांसकट पलंगावर आडवा झाला. मी बुटाच्या नाड्या सोडल्या.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी जरा पडतो आणि येतो."

साडेसहा झाले होते. अजून उजेड होता. मी माझा निळा झगा घातला आणि ज्या दारात नऊ वर्षं उभी राहिले त्या दारातून आत गेले. लिनस माझ्या जागी उभा होता. हा लिनस माझ्याच हाताखाली तयार झालेला. आता पस्तिशीचा आहे, तीन मुलींचा बाप.

"या मॅडम, या! आपलं शुभनाव?" तो वाकून म्हणाला.

"थोबाड फोडीन," मी म्हणाले.

"पट्टी दाखवा, मगच फोडा." त्याने मला ओट्यावरच्या कडेच्या टेबलाशी नेलं, खुर्ची मागे ओढली. मला बसताच येईना. हात आपोआप टेबलावरचे चुरे शोधत होते.

"अँसेल्मदादा?"

"येतो म्हणालाय. आला तर आला."

आणि तो आला. पाच-सात मिनिटांत. पांढरा शर्ट घालून, ताठ, हात खिशात घालून दगडांकडे बघत बघत आला. समोर बसला. म्हणाला, "हा सांधा बघ. सव्वीस वर्षं झाली, केसाएवढी फट नाही."

मग तो जेवला.

कालालूच्या पाल्याचं सूप प्यायला. भाजलेला नीरफणस, खारवलेला मासा, वर बकऱ्याचं मटण. पाव मोडून रस्सा पुसून खाल्ला. लिनसला हाक मारून पुन्हा मटण मागवलं. मी माझ्या पानातलं काहीच खाल्लं नाही. चार महिन्यांत त्याच्या तोंडात घास गेलेला मी बघितला नव्हता. मी रुमाल तोंडाशी धरून रडत होते आणि तो हसत होता, "वेडी का तू? लोक म्हणतील, बायकोला मारून आणलीय."

मी म्हटलं, हवा मानवली. समुद्राची हवा. कुणी कुणी असं एकदम उठून बसतं, ऐकलंय मी.

एकच गोष्ट खटकली, आणि तेव्हा ती मी मनाला लावून घेतली नाही. त्याचा शर्ट त्याला बरोबर बसत होता. गेल्या चार महिन्यांत त्याचे सगळे कपडे ढगळ झाले होते. हा शर्ट त्याच्या खांद्यांवर घट्ट होता.

जेवण झाल्यावर म्हणाला, "तू वर जा. मी जरा समुद्र बघून येतो."

मी भटारखान्यात डोकावले, सगळ्यांशी दोन शब्द बोलले आणि वर गेले. अँसेल्म पलंगावर होता. मी सोडून गेले होते तसाच, कुशीवर. बुटाच्या नाड्या सुटलेल्या.

"आलीस? काय काय होतं?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"काय काय होतं म्हणजे? तू काय झोपेत खाल्लंस?"

"थट्टा करू नको गं," तो म्हणाला. "जीव नाही माझ्यात."

अंगातला शर्ट प्रवासातला होता, चौकड्यांचा.

नर्सने मला सांगितलं होतं की दुखण्याच्या त्या औषधाने माणूस विसरतो, आताचं आता विसरतो. मी भटारखान्यात बराच वेळ बोलत होते. तेवढ्यात तो लिफ्टने आला असेल, शर्ट बदलला असेल, पडला असेल. मी उठून कपाट उघडलं. पांढरा शर्ट घडी घातलेला होता, घरून आणला होता तसा, मध्ये जुना कागद घालून.

मी कपाट लावून टाकलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला धरून खाली नेला. मनाशी ठरवलंच होतं की आज नजरेआड होऊ द्यायचा नाही. लिफ्टपर्यंत तो ठीक आला. जेवणघराच्या दाराशी तळणीचा वास आला आणि तो मागे वळला. बाहेरच्या बाकावर बसला, डोळे मिटून. कपाळाला घाम.

"हा आला ना वास, पुरे झालं. घरी सांगू जेवलो म्हणून," तो म्हणाला.

"काल कसं खाल्लंस रे मग?"

"क्लो, काल मी झोपलो होतो."

मी त्याला वर नेला. लापशी मागवली. दोन चमचे गेले आणि दोन्ही बाहेर आले. दिवसभर तो गॅलरीत पडून राहिला, मी शेजारी. त्याने मला ओट्याचे दगड दाखवले: हा डोंगराचा, हा नदीतला, हा लंगड्या जोजोने उलटा बसवला आणि सगळ्यांनी शिव्या खाल्ल्या. बोलता बोलता दमायचा. हात माझ्या मांडीवर होता. त्या हाताला वजन म्हणून नव्हतं.

साडेसहाला मी म्हटलं, "नुसतं पातळ सूप घेऊन येते. लगेच आले."

"जेव तू पण."

"लगेच आले."

दारात लिनस हसत उभा. "मा क्लो," तो म्हणाला. सगळे मला मानाने मा क्लो म्हणतात. "किती उशीर! तो बघ, कधीचा वाट बघतोय. तुझ्यासाठीसुद्धा मागवून ठेवलंय त्याने."

कडेच्या टेबलाशी अँसेल्म बसला होता. पांढरा शर्ट. समोर ताटं वाढलेली. त्याने हात वर करून मला बोलावलं.

मी गेले. काय करणार होते? आरडाओरडा करायला तिथे काय होतं? माझा नवरा, त्याच्या भुवईवरचा छिन्नीचा वण, त्याची दात कोरायची सवय. तरुणही नव्हता तो. त्याचे पांढरे केस पांढरेच होते. फक्त आजार नव्हता. आजार झालाच नसता तर या संध्याकाळी अँसेल्म जसा दिसला असता, तसा होता.

"बस ना," तो म्हणाला. "थंड होतंय."

बसले. तो बोलत होता. मी पहिल्यांदा पाण्याची बादली घेऊन आले तेव्हा माझ्या पायात वेगवेगळ्या दोन चपला होत्या, ते म्हणाला. ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. आमचं पहिलं मूल दोन दिवसांचं गेलं, त्याला काय नाव ठेवणार होतो तेही म्हणाला. ते तर आम्ही दोघांनीसुद्धा पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं.

"मी आलेच," मी म्हणाले आणि उठले.

दारापाशी फोन असतो, खोल्यांना लावायचा. नऊ वर्षं तो मीच वापरला. मी आमच्या खोलीचा आकडा दाबला. पाठ भिंतीला लावून उभी होते. कडेचं टेबल समोर दिसत होतं. अँसेल्म मासा सोलत होता. दोन्ही हात कामात होते.

फोन वाजला. चौथ्यांदा वाजताना उचलला गेला.

"क्लो?" अँसेल्मचा आवाज. दमलेला. "कुठे राहिलीस गं? मला काहीतरी होतंय."

टेबलाशी बसलेल्या अँसेल्मने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. घास चावत होता.

"आले," मी फोनमध्ये म्हणाले.

४

पुढचं मी पाद्रीबाबांनाही सांगितलं नाही.

लिफ्ट दहा पावलांवर होती. मी तिकडे वळलेसुद्धा. आणि मग मी टेबलाकडे गेले.

एवढंच वाटलं की पाच मिनिटं. वर जाऊन मी पुन्हा ते भांडं धरणार होते, पुसणार होते, त्याच्या बरगड्या मोजणार होते. वर मरण होतं, आणि ते मी चार महिने एकटीने सांभाळत होते. इथे माझा नवरा जेवत होता. मला त्याच्यासमोर पाच मिनिटं बसायचं होतं.

"कुणाला फोन केलास?" त्याने विचारलं.

"कुणाला नाही."

त्याने माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा ठेवला, काटे काढून. "खा," तो म्हणाला. "तो थांबेल."

मी खाल्लं. देवाशपथ सांगते, मी खाल्लं, आणि मला चव लागली. कितीतरी दिवसांनी. तो लिनसची नक्कल करत होता, मी हसले. कोपऱ्यात व्हायोलिन आणि खुळखुळे घेऊन वाजवणारे आले. अँसेल्मने हात पुढे केला. मी उठले. त्याच दगडांवर आम्ही एक नाच नाचलो, पूर्ण. त्याचा हात ऊबदार होता, जड होता, भरलेला होता. तो हात थंडगार असता तर मी पळाले असते. तसा तो नव्हता.

गाणं संपलं तेव्हा समुद्रावर उजेड उरला नव्हता. मी हात सोडवला आणि निघाले. मागे वळले नाही. त्याने हाकही मारली नाही.

खोलीचं दार उघडलं तर अँसेल्म गॅलरीच्या उंबऱ्यात जमिनीवर बसला होता. एका पायात बूट, दुसरा हातात. लुंगीसारखी चादर गुंडाळलेली. बाजूला ओकारी झाली होती.

"खाली यायला निघालो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, तुला काही झालं की काय. मग इथूनच दिसलीस."

मी खाली बसले.

"हसत होतीस," तो म्हणाला. "आवाज आला वरपर्यंत. किती दिवसांनी."

"अँसेल्म..."

"कोण आहे तो?"

मी टॉवेल ओढून ओकारी पुसायला लागले.

"पाठमोरा होता. इथून तोंड दिसलं नाही." तो थांबला, श्वास घेतला. "बरा वाटला मला. खांदे बघितले ना, काम करणारा माणूस आहे."

माणसाने स्वतःची पाठ कधी बघितलेली नसते. मी काय सांगणार होते? तूच होतास, म्हणून? मी तोंड उघडलं आणि त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला वजन नव्हतं.

"रागावलो नाही मी," तो म्हणाला. "मी गेल्यावर तू एकटी उभ्या उभ्या जेवशील, मला माहीत आहे. भांड्यातूनच खाशील. त्यापेक्षा बरंय, कुणीतरी समोर असलेलं."

५

सकाळी न्याहारीच्या आधीच आम्ही निघालो. तिसरा दिवस घेतला नाही. श्वाझेलला पोचल्यावर मी त्याला आतल्या खोलीत पडद्यामागच्या पलंगावर निजवलं.

रात्री नवाच्या सुमाराला लिनसचा फोन आला.

"मा क्लो, दादा पोचला का गं नीट?"

"कुठून?"

"कुठून काय? इथून. मला वाटलं तुम्ही दोघं सकाळीच गेलात, आणि हा सहाला येऊन टेबलाशी बसला. दोघांचं मागवलं. खाल्लं काहीच नाही. मला म्हणाला, क्लो कुठाय? मी म्हटलं, मा क्लो घरी गेली की. तर म्हणाला, असं होय, मग घरीच जातो. उठला आणि चालत फाटकाबाहेर पडला. एवढ्या आजारी माणसाला एकटा कसा सोडलास? मी गाडी काढेपर्यंत रस्त्यावर कुणी नाही."

पडद्यापलीकडे अँसेल्म कण्हत होता. मी ऐकत होते.

"पोचला," मी म्हणाले. "इथेच आहे."

त्या दिवसापासून मी दाराला आतून कडी घालायला लागले. आमच्याकडे कुणी दिवसाउजेडी कडी घालत नाही. शेजारणी हसल्या. मी रस्त्यावर बघत बसायचे. गाडी थांबली की बघायचे कोण उतरतं. स्वतःला सांगायचे, लिनसने दुसऱ्याच कुणाला बघितलं असेल, पांढऱ्या शर्टाची काय कमी आहे. आणि अँसेल्मला वाटायचं, मी त्या माणसाची वाट बघते.

"यायचाय का तो?" एकदा त्याने हळूच विचारलं. "येऊ दे. मी इथे पडदा ओढून पडून राहीन. माझी अडचण नाही."

मी त्याच्यावर खेकसले. आयुष्यात नव्हते ओरडले इतकी ओरडले.

अकराव्या दिवशी दुपारी औषध आणायला मला दवाखान्यात जावं लागलं. वीस मिनिटांचं काम. बाहेरून कडी घातली होती ती परत आले तेव्हाही होती. दार उघडलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अँसेल्म बसला होता. ताठ. केस पाणी लावून बसवलेले. पांढरा शर्ट घातला होता.

"आलीस?" तो म्हणाला. "क्लो, भूक लागलीय गं."

माझ्या हातातली औषधाची पिशवी खाली पडली. त्याच्यामागे पडदा होता, ओढलेला. पडद्यामागे पलंग. तीन पावलं. मला तो पडदा बाजूला करायचा होता आणि माझा हात उचलला जात नव्हता.

चुलीवर सकाळचं पातळ कालवण होतं, केळी आणि कंद घातलेलं. वाडगा भरला, लांबूनच त्याच्यापुढे सरकवला. तो खाऊ लागला. चमचा भरून, एकामागून एक. सगळा वाडगा संपवला आणि हसला.

"आणखी आहे?"

मी वाढलं.

"बस ना तू," तो म्हणाला. "बस समोर."

मी उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले आणि अंगणात निघून आले. उन्हात उभी राहिले. आंब्याच्या खोडाला धरून. आतून चमच्याचा आवाज येत होता.

"क्लो?"

मी खोडाआड सरकले.

"क्लो, ये ना गं. थंड होतंय."

मी कान झाकले. आणखी एकदा हाक आली, किंवा मला वाटलं. मग चमच्याचाही आवाज थांबला. मी तशीच उभी होते, किती वेळ ते माहीत नाही. सावली माझ्या पायांवरून सरकून कुंपणापर्यंत गेली. मग वस्तीवरची नर्स युफ्रेझी आपल्या नेहमीच्या फेरीला आली.

"बाहेर काय करतेस? अँसेल्म कसा आहे?"

मी आत बोट दाखवलं.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हात पुसत आली आणि मला जवळ घेतलं.

"गेला गं," ती म्हणाली. "टेबलाशी बसल्या बसल्या गेला. अंग अजून कोमट आहे. शेवटी असं होतं कधी कधी, जायच्या आधी एक तरतरी येते. जेवला ना पोटभर? नशीब म्हण. जवळ होतीस ना तू?"

"पडदा," मी म्हणाले. "पडद्यामागे बघितलंस?"

"काय बघू?"

"पलंगावर. पलंगावर कोण आहे?"

युफ्रेझीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, लहान मुलाचं धरतात तसं. "कुणी नाही, मा क्लो. चादर घडी करून ठेवलीय त्याने. पलंग रिकामा आहे."

मी आत गेले. तो खुर्चीत मागे टेकून होता, डोळे दाराकडे. पांढरा शर्ट त्याच्या खांद्यांवरून ढगळ लोंबत होता. वाडग्यात थोडं कालवण उरलं होतं आणि समोरच्या जागी, रिकाम्या खुर्चीपुढे, त्याने दुसरा वाडगा मांडून ठेवला होता, चमच्यासकट. उठून फळीवरून काढला असणार. त्या अंगाने, त्या पायांनी.

मी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले. युफ्रेझी बाहेर कुणाला तरी हाका मारत होती. मी माझ्या वाडग्यात कालवण वाढून घेतलं आणि लोक येईपर्यंत जेवत राहिले.